बुडापेस्टमध्ये कम्युनिस्ट राजवटीचा इतिहास एका दिवसात कसा बघायचा

बुडापेस्टला जाणारे बरेच जण पार्लमेंट बघतात, नदीत बोटीतून फिरतात आणि परत येतात. एक दिवस जास्तीचा असेल तर तो १९४५ ते १९८९ च्या काळाला द्या, आणि मी सांगते त्या क्रमानेच फिरा.

निघायच्या आधी एवढं डोक्यात असू द्या. नोव्हेंबर १९४५ च्या निवडणुकीत कम्युनिस्टांना जेमतेम १७ टक्के मतं होती, छोट्या शेतकऱ्यांच्या पक्षाला ५७, तरी १९४९ पर्यंत एकच पक्ष उरला, कारण सोव्हिएत सैन्य देशात बसलेलं आणि गृहखातं कम्युनिस्टांच्या हातात. कम्युनिस्ट पक्षाचा नेता मात्याश राकोशीने विरोधकांना चकती चकती करून कापलं, यालाच सलामीचा डावपेच म्हणतात (सलामी म्हणजे ते मांसाचं सॉसेज, आपली मानवंदना नाही). अजून एक, तिकडे आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं, त्यामुळे पाटीवर इम्रे नॉज (१९५६ च्या उठावाच्या वेळचे पंतप्रधान) शोधू नका, नॉज इम्रे शोधा.

सकाळी मेट्रोच्या एम-१ लाइनने वोरोश्मार्ती उत्सा स्टेशनला (वोरोश्मार्ती तेर नव्हे) उतरून ६०, आंद्राशी रस्ता गाठा. इथे आधी हंगेरियन नाझी होते, मग कम्युनिस्टांचे गुप्त पोलीस आले, आता म्युझियम आहे. सोमवारी बंद असतं. आत चौकात रणगाडा आणि मागच्या भिंतीवर वरपर्यंत बळींचे फोटो. तळघरात नेणारी लिफ्ट मुद्दाम हळू उतरते, तेवढ्या वेळात स्क्रीनवर एक म्हातारा माणूस फाशी कशी द्यायचे ते सांगत असतो. त्या वेळी मोबाइल खिशात ठेवा.

मग पार्लमेंटसमोरचा कोशुथ चौक. ऑक्टोबर १९५६ मध्ये लोक या राजवटीविरुद्ध उठले, आणि २५ तारखेला इथे निःशस्त्र गर्दीवर गोळीबार झाला, कृषी खात्याच्या इमारतीच्या भिंतीत त्याची खूण म्हणून धातूचे गोळे बसवलेत, हात लावून बघा. तिथून कॉर्विन थिएटरपाशी जा, जिथे पोरांनी पेट्रोलच्या बाटल्यांनी रणगाडे अडवले, पण ४ नोव्हेंबरला सोव्हिएत फौजा पुन्हा घुसल्या आणि सगळं चिरडलं गेलं. जवळपास २ लाख लोक देश सोडून गेले.

दुपारनंतरचा सगळा वेळ मात्र शेवटच्या जागेसाठी ठेवा, लोक नेमकी हीच गाळतात. २८ नंबरची ट्राम पकडून शहराच्या टोकाच्या नव्या सार्वजनिक स्मशानभूमीत जा, तिथला ३०१ नंबरचा प्लॉट. फाटकापासून बरंच आत चालावं लागतं, पाणी घेऊन जा. उठावाच्या वेळचे पंतप्रधान नॉज यांना १६ जून १९५८ ला फाशी दिलं आणि पुढे इथे बिननावाचं पुरलं, तेही पालथं. उठाव चिरडल्यावर सोव्हिएतांनी सत्तेवर बसवलेल्या यानोश कादारच्या राज्यात पुढे दुकानं भरली, लोकांना थोडी मोकळीक मिळाली, पण या प्लॉटबद्दल बोलायची सोय नव्हती. बरोबर ३१ वर्षांनी, १६ जून १९८९ ला, त्यांना सन्मानाने पुन्हा पुरण्याआधी शहरातल्या हीरोज स्क्वेअरवर सहा शवपेट्या ठेवल्या गेल्या, नॉज आणि त्यांच्या चार साथीदारांच्या पाच, आणि सहावी रिकामी, ज्यांची नावं कुणाला माहीत नव्हती त्यांच्यासाठी.

आता ३०१ नंबरच्या प्लॉटवर कोरीव लाकडी खांब उभे आहेत. घाई करू नका, एकेक नाव वाचत जा.