क्वीन मेरी २ ने अटलांटिक पार करायचाय? मग ही तयारी आधी करा

सगळ्यात आधी व्हिसा, बाकी सगळं नंतर. साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या क्वीन मेरी २ या जहाजाचं बुकिंग करताना लोक केबिन बघतात, ऑफर बघतात आणि व्हिसाचं नंतर बघू म्हणतात, आणि भारतीय पासपोर्ट असेल तर घोडं तिथेच अडतं. जहाजावर चढायला आधी इंग्लंडमध्ये पोचायचं म्हणून यूकेचा व्हिसा, आणि न्यूयॉर्कला उतरायचं म्हणून अमेरिकेचा बी१/बी२ म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा पासपोर्टवर चिकटलेला हवा. तो नसेल तर साउदॅम्प्टनच्या टर्मिनलवरच तुम्हाला थांबवतात, जहाजावर घेतच नाहीत. लंडनला नोकरीला असलेल्या आपल्या मुलांनाही हे लागू, यूकेत राहण्याचा परवाना आहे म्हणून अमेरिकेत घेतील असं होत नाही, पासपोर्ट भारतीय तर व्हिसा हवाच. मुंबईच्या कॉन्सुलेटची मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नसतो, तेव्हा आधी व्हिसा आणि मग पैसे, हा क्रम उलटा करू नका.

आता ही यादी इतकी बारीक का लिहितेय ते सांगते. हे जहाज क्रूझसारखं रोज सकाळी नवीन बंदरात थांबत नाही. साउदॅम्प्टन सोडलं की सरळ न्यूयॉर्क, मध्ये सात रात्री आणि साधारण ३१५० सागरी मैल फक्त पाणी. म्हणजे चष्मा मोडला, बीपीची गोळी संपली, चार्जर राहिला, तर खाली उतरून घेऊन येऊ असा प्रकारच नाही. जहाजावर दुकानं आहेत पण ती परफ्युम, घड्याळं, शाली असल्या वस्तूंची, तुमच्या नंबरचा चष्मा काही तिथे मिळणार नाही, म्हणून जादाचा चष्मा बॅगेत टाकाच.

आणि भीती वाटत असेल तर जहाजाबद्दल थोडं वाचून जा, खरंच धीर येतो. २००४ पासून चालतंय, फ्रान्समध्ये सां-नाझेरला बांधलं, लांबी ३४५ मीटर. स्टीफन पेन नावाच्या माणसाने ते मुद्दाम अटलांटिकसाठी डिझाइन केलंय, नाक लांब आणि निमुळतं, पोलाद नेहमीच्या क्रूझ जहाजापेक्षा जास्त, पाण्याखाली दहा मीटर बुडालेलं, आणि लाइफबोटी मुद्दाम खूप उंचावर टांगल्यात, लाटांचा मार लागू नये म्हणून. बाजूंना पंखासारखे चार स्टॅबिलायझर आहेत, त्यांनी डावी-उजवी डोलणं बरंच कमी होतं. पुढून-मागून वरखाली होणं मात्र त्यांनी थांबत नाही, तेव्हा त्याची तयारी आपली आपण करायची.

त्या तयारीचा पहिला भाग म्हणजे महिना आणि केबिन. वर्षाच्या सुरुवातीला हे जहाज बहुतेक वर्ल्ड क्रूझवर असतं, त्यामुळे क्रॉसिंग मुख्यतः वसंत ऋतूपासून डिसेंबरपर्यंत मिळतात. जून-जुलैत समुद्र त्यातल्या त्यात शांत, पण न्यूफाउंडलंडच्या पुढे ग्रँड बँक्सला धुकं फार, कारण तिथे लॅब्राडोरचा गार प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा गरम प्रवाह एकमेकांना भेटतात. धुक्यात नियमानुसार दर दोन मिनिटांच्या आत भोंगा वाजवावा लागतो, रात्रीसुद्धा, तर झोप सावध असेल त्यांनी कानात घालायचे बोळे आणा. ऑक्टोबरनंतर लाटा वाढतात. (पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या तेव्हा समारंभ ११ मार्चला होता, म्हणजे हा समुद्र त्यांनी ऐन थंडीत पार केला, तेही मुलीला, छोट्या मनोरमेला सोबत घेऊन आणि त्या काळच्या बोटीने. मला ही गोष्ट डेकवर उभं असताना सारखी आठवत होती.)

केबिन शक्यतो जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. बाल्कनी हवी असेल तर नकाशा नीट बघा. चार, पाच, सहा नंबरच्या डेकवरच्या बाल्कन्या जहाजाच्या पोलादी अंगातच कापलेल्या आहेत, त्यात वारा लागत नाही हे चांगलं, पण खुर्चीवर बसलं की समोर पोलादी भिंत येते, समुद्र बघायला उभं राहावं लागतं. आठव्या डेकवर काही ठिकाणी समोर लाइफबोट लटकलेली असते. न्यूयॉर्ककडे जाताना ऊन डाव्या बाजूला येतं, कारण दक्षिण तिकडे. एकट्याने जाणाऱ्यांसाठी दोन आणि तीन नंबरच्या डेकवर मोठ्या खिडक्यांच्या सिंगल केबिन आहेत, पण त्या मोजक्याच आहेत आणि पटकन जातात.

बोट लागण्याचं म्हणाल तर अव्होमिन किंवा डॉक्टर सांगतील ती गोळी, आणि ती उलटी सुरू झाल्यावर नाही तर समुद्र खवळायच्या आधी घ्यायची, कप्तान दुपारी हवामान सांगतो तेव्हाच ठरवून टाका. आलेपाक भरपूर न्या, माझा त्याच्यावर फार विश्वास आहे, पर्समध्ये, उशाशी, कोटाच्या खिशात, सगळीकडे ठेवा. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट आणि आठवडाभर जास्तीच्या. जहाजावर दवाखाना आहे, डॉक्टरही चांगले, पण बिल डॉलरमध्ये आणि दणकून येतं, आणि अटलांटिकच्या ऐन मध्यावर हेलिकॉप्टरही पोचत नाही, म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये समुद्रप्रवास कव्हर आहे का हे पॉलिसी उघडून वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

कपड्यांवर जरा जास्त बोलते कारण या जहाजाची मजा त्यातच आहे. संध्याकाळी सहानंतर मुख्य भागात टीशर्ट चालत नाही, नीटनेटके कपडे लागतात, आणि सात रात्रींत साधारण दोन गाला रात्री असतात तेव्हा तर टक्सिडो नाहीतर गडद सूट. पण राष्ट्रीय पोशाख चालतो! म्हणजे बंदगळा, शेरवानी, साडी सगळं चालतं, आणि चालतं कसलं, उठून दिसतं. मुद्दाम गाऊन विकत घ्यायला जाऊ नका, कपाटातली पैठणी काढा. गाला रात्रीचा विषय आधीच कळवतात, त्यात ब्लॅक अँड व्हाइट असेल तर काळी चंद्रकळा न्या, संक्रांतीला एकदा नेसून ठेवून दिलेली ती साडी तिथल्या क्वीन्स रूममध्ये, लाकडी डान्स फ्लोअर आणि लाइव्ह ऑर्केस्ट्रासमोर काय शोभते ते बघाच. साडीला पिना जास्तीच्या न्या आणि सँडल सपाट टाचेचे, जहाज हलत असताना उंच टाच धोक्याची. रोज रात्री नटायचा कंटाळा येणाऱ्यांनी चिंता करू नये, किंग्ज कोर्ट बफेत साध्या कपड्यात जेवता येतं आणि गोल्डन लायन पबमध्ये बसता येतं. इस्त्री घरून आणू नका, चेक-इनला काढून घेतात, किटलीसुद्धा. कपडे धुवायची मशीन आणि इस्त्री जहाजावर फुकट आहेत, त्यामुळे आठ दिवसांचे आठ जोड न्यायची काहीच गरज नाही.

दिवसाचे कपडे वेगळे. सात नंबरच्या डेकवर जहाजाला पूर्ण वळसा घालणारा लाकडी रस्ता आहे, तीन फेऱ्या मारल्या की मैलाच्या थोडं वर चालणं होतं, आणि मी म्हणेन की हे रोज करा. पण वारा! जहाज स्वतः वीस-बावीस नॉटने पश्चिमेला चाललेलं आणि अटलांटिकचा वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडूनच समोरून येणारा, दोन्हींची बेरीज तुमच्या तोंडावर. त्यामुळे जुलै असला तरी कानटोपी, वारा न शिरणारं जॅकेट आणि ओल्या लाकडावर न घसरणारे बूट. छत्री घरीच ठेवा. ओढणी-स्कार्फ गाठ मारूनच बाहेर पडा.

खाण्याचं सोपं आहे. शाकाहारी जेवण रोज मिळतं, जैन असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये जेवणाच्या दोन पंगती असतात, लवकरची आणि उशिराची, आणि टेबल रोज तेच. अनोळखी लोकांबरोबरचं मोठं टेबल मागून घ्या असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, सात रात्री त्याच माणसांशी बोलताना ओळखी होतात त्या विमानात होत नाहीत. जहाजांवर काम करणाऱ्यांत आपल्याकडची, मुंबईची, गोव्याची माणसं बरीच असतात, गोव्यातल्या घराघरात तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, होते आणि आहेत, तर वाढणाऱ्याशी दोन शब्द बोला, आदल्या दिवशी विनंती केली तर किचनमधून वरण-भाताच्या जवळपासचं काहीतरी यायची शक्यता असते. घरचा खाऊ म्हणून चिवडा, खाकरा, बाकरवडी, चटणीची पुडी पुरे.

फोनचं ऐका, इथे बरेच जण अडकतात. किनारा सुटला की फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जाऊन चिकटतो आणि रोमिंगचं बिल भयंकर येतं, म्हणून निघतानाच एअरप्लेन मोड. वायफाय विकत मिळतं, महाग आहे. पण खरी अडचण ओटीपीची, समुद्रात एसएमएस येत नाही, त्यामुळे विजेचं बिल, एफडीचं रिन्युअल, परतीचं विमान, जे काही ओटीपी मागणारं असेल ते आधी उरका. जहाजावर सगळा हिशोब डॉलरमध्ये, चढतानाच कार्ड जोडून घेतात आणि मग केबिनच्या कार्डावर खर्च चढत जातो, रोजचा सर्व्हिस चार्ज वेगळा लागतो तो बजेटमध्ये धरा. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही पिनांचा अ‍ॅडॉप्टर हवा. गाणी, सिनेमे, पुस्तकं डाउनलोड करून न्या, पण थोडीच, कारण जहाजावरची लायब्ररी हजारो पुस्तकांची आहे आणि तिथल्या नाकावरच्या खिडक्यांपाशी बसून वाचण्यासारखं सुख नाही. प्लॅनेटेरियमपण आहे, त्याची जागा पहिल्याच दिवशी धरा.

एक गोष्ट कोणत्याच यादीत नसते ती मी घालते, उत्तर अटलांटिकचा कागदी नकाशा आणि पेन्सिल. रोज दुपारी बाराला भोंगा वाजतो आणि कप्तान आपण कुठे आहोत, वारा किती, खाली पाणी किती खोल ते सांगतो. ते अक्षांश-रेखांश लिहून घ्या आणि नकाशावर ठिपका काढा. निघण्याआधीच त्यावर टायटॅनिकची जागा खूण करून ठेवा, साधारण ४१ अंश ४४ मिनिटं उत्तर, ४९ अंश ५७ मिनिटं पश्चिम, खोली ३८०० मीटरच्या आसपास. मग एका दुपारी आपला ठिपका त्या खुणेच्या जवळ येतो. ते जहाजही १० एप्रिल १९१२ ला साउदॅम्प्टनहूनच निघालं होतं, म्हणून आदल्या दिवशी साउदॅम्प्टनला पोचा आणि ईस्ट पार्कमधलं टायटॅनिकच्या इंजिनियरांचं स्मारक बघून घ्या, शेवटपर्यंत दिवे चालू ठेवणाऱ्या माणसांचं आहे ते. आदल्या दिवशी पोचायचं दुसरं कारण उघड आहे, उशीर झाला तर हे जहाज पुढच्या बंदरात गाठता येत नाही, पुढचं बंदर न्यूयॉर्क आहे. लंडनच्या वॉटर्लूहून ट्रेनने सव्वा-दीड तास लागतो.

दिशा निवडता येत असेल तर इंग्लंडहून अमेरिकेकडे जा. त्या बाजूने जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं, म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे मिळतात आणि पोचल्यावर जेट लॅग नावालाही नाही. उलट्या दिशेने तोच तास दिवसातून कापला जातो. हातातलं साधं घड्याळ न्या, फोनवर विसंबू नका, आणि मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिन ठरल्या वेळी घेणाऱ्यांनी या बदलत्या तासांचं डॉक्टरांना आधी विचारून कागदावर वेळापत्रक करून ठेवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट टर्मिनलवर भेटतात. म्हणून एक छोटी पिशवी वेगळी हवी, त्यात पासपोर्ट, औषधं, रात्रीचे कपडे, सकाळचे कपडे, गरम जॅकेट. जॅकेट मुद्दाम लिहितेय, कारण पहाटे चार-साडेचारला उठून वर जायचंय. व्हेराझानो पुलाखालून जहाज जातं तेव्हा चिमणी आणि पूल यांच्यात जेमतेम काही मीटर उरतात, चिमणीची उंचीच त्या पुलाच्या हिशोबाने बेतलीये, आणि उन्हाळ्यात पोलादी दोर उष्णतेने लांबून पुलाचा रस्ता हिवाळ्यापेक्षा बारा फूट खाली येतो, त्यामुळे तेव्हा अंतर आणखी कमी. जागा पुढच्या बाजूला, अकराव्या डेकवर, आणि लवकर, कारण अर्धं जहाज तिथे असतं. पूल मागे पडला की डावीकडे लिबर्टीचा पुतळा, समोर मॅनहॅटनचे दिवे. आनंदीबाई १८८३ च्या जूनमध्ये याच बंदरात उतरल्या, बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये, दोघंही समुद्रावरूनच आले. मला तिथे उभं राहून रडू आलं हे सांगायला काही वाटत नाही.

जहाज ब्रुकलिनच्या रेड हूकला लागतं, मॅनहॅटनला नाही, हे न्यायला येणाऱ्यांना बजावून सांगा. इमिग्रेशनला पासपोर्टबरोबर राहण्याचा पत्ता आणि परतीचं तिकीट हातात ठेवा. बफेमधलं सफरचंद, केळं पर्समध्ये टाकून उतरू नका, तपासणीत सापडलं तर दंड होतो, आणि उरलेला चिवडा-लोणचं असेल तर फॉर्मवर किंवा तोंडी सरळ सांगून टाका. उतरायची वेळ बॅगेच्या टॅगच्या रंगाप्रमाणे येते, तेव्हा एडिसनहून किंवा जर्सी सिटीहून गाडी घेऊन येणाऱ्या भाच्याला सकाळी सातला बोलावून ताटकळत ठेवू नका, नऊनंतर निघ म्हणावं आणि बाहेर आल्यावर फोन करा.