बाडसाचा नकाशा काढण्याआधी

नर्मदेच्या निमाडी पट्ट्यात, म्हणजे ओंकारेश्वर, बडवाह, मंडलेश्वर, महेश्वर आणि पुढे बडवानीच्या राजघाटापर्यंत, महाशीर, म्हणजे नर्मदेकाठचा बाडस हा मासा, कुठे कुठे उरला आहे हे लोकांनी सांगितलेल्या नोंदींवरून नकाशावर मांडायचे असेल, तर इंदूरहून निघण्याआधी काय काय हाताशी असावे, ते येथे लिहिले आहे. वही, टोपी, पाणी आणि चार्ज केलेला फोन यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. ज्या एका रकान्यावाचून मागचा अख्खा नकाशा बाद करावा लागला, तो रकाना मात्र नोंदपत्रकाच्या पहिल्याच ओळीत छापून घ्यावा: मासा पाण्यातून कुठे निघाला. तो कुठे दिसला, हे नव्हे. कुठे निघाला.

या दोन जागा वेगळ्या असतात, हे घरी बसून लक्षात येत नाही. मासा महेश्वरच्या घाटावर टोपलीत दिसतो, पण जाळे रात्री दोन गावे वरच्या डोहात लावलेले असते. इंदूरच्या मच्छी बाजारात कोणी फोटो काढतो, फोन त्या फोटोला बाजाराचे अक्षांश-रेखांश चिकटवतो आणि नकाशावर भर शहरात एक ठिपका उमटतो. माणूस खोटे बोललेला नसतो आणि यंत्रही चुकलेले नसते, तरीही नोंद चुकीची असते. म्हणून पत्रकात दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत, ‘दिसल्याची जागा’ आणि ‘पाण्यातून निघाल्याची जागा’, आणि दुसरा रकाना रिकामा असेल तर ती नोंद वहीत राहू द्यावी, नकाशावर नेऊ नये.

इंदूरकरांनी याबाबत अधिक जपण्याचे खास कारण आहे. आपले शहर पाणलोटाच्या दुभाजकाजवळ वसलेले आहे. शहरातल्या कान्ह आणि सरस्वती या नद्यांचे पाणी क्षिप्रेतून चंबळेला व तेथून यमुनेला मिळते. जानापावच्या डोंगरावर उगम पावणारी चंबळही उत्तरेलाच जाते. महूच्या पलीकडे पाताळपाणीला कड्यावरून कोसळणारी चोरल मात्र दक्षिणेला उतरून नर्मदेला मिळते. म्हणजे एखादा ठिपका वीस किलोमीटर इकडेतिकडे झाला, तर मासा नर्मदेच्या खोऱ्यातून उचलून गंगेच्या खोऱ्यात टाकल्यासारखे होते. शिवाय हा मासा, ज्याचे शास्त्रीय नाव टॉर टॉर आहे, गंगेच्या खोऱ्यातही आढळतो. त्यामुळे चंबळेकडे पडलेला खोटा ठिपका पाहून तपासणाऱ्यालाही संशय येत नाही. समुद्रात पडलेला ठिपका कोणीही पुसून टाकेल. विश्वसनीय वाटणाऱ्या जागी पडलेला ठिपका कोणी पुसत नाही.

मासा ओळखण्याची तयारी त्यानंतरची, पण तीही सविस्तर हवी. मोठ्या खवल्यांचा कोणताही मोठा मासा लोक महाशीर म्हणून दाखवतात, आणि बहुतेक वेळा तो तलावात सोडलेला कॉमन कार्प किंवा ग्रास कार्प असतो. ग्रास कार्पला मिश्या नसतात, तेव्हा तो लगेच बाजूला काढता येतो. कॉमन कार्पला महाशीरसारख्याच मिश्यांच्या दोन जोड्या असतात, म्हणून तेथे पाठीवरचा पर पाहावा: कॉमन कार्पचा पर पाठीवरून लांबवर पसरलेला असतो, तर महाशीरचा आखूड आणि उंच असतो. सर्वांत खात्रीची खूण खवल्यांची. महाशीरच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या पार्श्वरेषेवर साधारण २२ ते २७ खवले भरतात, रोहूच्या अंगावर ४०च्या आसपास. फोटो स्वच्छ असेल तर हे खवले पडद्यावर बोट ठेवून मोजता येतात, आणि ते मोजावेतच. म्हणून फोटो कसा हवा हे आधी सांगून ठेवावे: मासा आडवा, पूर्ण बाजूने, शेजारी मोजपट्टी किंवा निदान आगपेटी, आणि दुसरा फोटो तोंडाचा, ओठ व मिश्या दिसतील असा. हात पुढे करून धरलेल्या माशाच्या फोटोवरून लांबी ठरवू नये.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत जागा आणि वेळ यांची माहिती उरत नाही, हे ध्यानात ठेवावे. असा फोटो आला की तो मूळ कोणी काढला, हे विचारावे आणि त्या माणसापर्यंत पोहोचावे. तो सापडला नाही तर फोटो कितीही सुंदर असला तरी सोडून द्यावा. आणि मूळ फोटो मिळाला तरी त्यातली जागा ही फोटोची जागा आहे, पाण्याची नव्हे. ते विचारावेच लागते.

विचारायचे कसे, याचीही तयारी असते. नोंदपत्रक मराठीत काढून उपयोग नाही. ते हिंदीत असावे, आणि सोबत निमाडी जाणणारा एखादा स्थानिक मुलगा किंवा मुलगी असेल तर फारच उत्तम. महाशीर हा शब्द घाटावर चालेलच असे नाही. नर्मदेकाठी त्याला बाडस म्हणतात. केवट आणि कहार या मासेमार समाजांच्या वस्तीत गेल्यावर फोटो दाखवून ‘यह मिलती है क्या?’ असे विचारले, तर पाहुण्याचे मन राखण्यासाठी ‘हो’ असेच उत्तर येते. त्यापेक्षा चार-पाच माशांची चित्रे समोर ठेवावीत, त्यांत येथे न आढळणारा एक मासाही असावा, आणि कोणता कुठे मिळतो ते त्यांनाच सांगू द्यावे. न आढळणाऱ्या माशालाही ज्यांनी होकार दिला, त्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. बोलणे जमले की खरा प्रश्न विचारावा: ‘दादा, यह किस दह से निकली थी?’ दह म्हणजे डोह. तेव्हा वयस्क मच्छिमार हात लांब करून कोणता खडक, कोणत्या नाल्याचे तोंड, पाणी किती हात खोल, हे सगळे सांगतात. ते सांगत असताना नकाशावर बोट त्यांनीच ठेवावे, आपण नाही. डोहाचे नाव त्यांच्याच उच्चारात लिहून घ्यावे, कारण सरकारी नकाशावर ते बहुधा नसते.

तारीख विचारून मिळत नाही. उज्जैनच्या सिंहस्थाच्या आधारे मात्र मिळते: १९९२, २००४ की २०१६, आणि त्याच्या आधी की नंतर. इंदिरा सागर धरणात हरसूद गाव बुडाले त्या २००४च्या पावसाळ्याआधी, नोटबंदीच्या वर्षी, कोरोनाच्या टाळेबंदीत, अशा खुणांवर माणसे अचूक बोट ठेवतात. काळ एवढ्यासाठी महत्त्वाचा आहे की महाशीर हा वाहत्या, खडकाळ पाण्याचा मासा आहे, आणि या पट्ट्यातले वाहते पाणी गेल्या काही दशकांत झपाट्याने कमी झाले. इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणे या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिली. खाली सरदार सरोवर २०१९मध्ये १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरले आणि निमाडातला मोठा प्रवाह संथ जलाशय झाला. या घटनांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकाच रंगात दाखवल्या, तर मासा जेथून नाहीसा झाला आहे तेथेही तो सुखाने नांदताना दिसेल. १९५८ ते १९६६ या काळात झालेल्या नर्मदेच्या मत्स्यसर्वेक्षणासारखा जुना दस्तऐवजही वाचावा, पण वेगळ्या थरात ठेवावा.

कोठे विचारले आणि मासा नाही असे कळले, याचीही नोंद करावी. ती नसेल तर नकाशा माशाचा न राहता आपल्या फिरण्याचा होतो: रस्ता चांगला, घाट जवळ, चहाची टपरी आहे, तेथे ठिपके दाट, आणि जेथे मोटारसायकलही जात नाही तो सगळा काठ रिकामा. प्रत्येक गावी किती जणांशी बोललो, त्यांतले किती जण अजून जाळे टाकतात, कोणते जाळे, कोणत्या महिन्यांत, एवढे तरी लिहावे. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीचा बंद काळ असतो. या दोन महिन्यांच्या नोंदी जवळजवळ येतच नाहीत, त्याचे कारण कायदा हे आहे. मासा तेव्हाही तेथे असतोच, किंबहुना पावसाच्या पाण्याबरोबर तो अंडी घालण्यासाठी वर उपनद्यांकडे चढतो. या काळातल्या माशाविषयी कोणी बोललेच, तर त्याचे नाव कागदावर येऊ देऊ नये. ज्याने विश्वासाने सांगितले त्याच्यावर कारवाई ओढवली, तर त्या काठावर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही, आणि तसे त्यांनी केले तर ते योग्यच ठरेल.

आयनॅचरलिस्ट या लोकांच्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरच्या किंवा तत्सम ठिकाणच्या नोंदी उतरवून घेताना ‘अचूकता’ हा रकाना आधी वाचावा. संकटग्रस्त प्राण्यांच्या जागा तेथे मुद्दाम अस्पष्ट करतात आणि ठिपका ०.२ अंशाच्या चौकोनात कोठेही टाकलेला असतो, म्हणजे आपल्याकडे सुमारे वीस-बावीस किलोमीटर. ही सोय माशाच्या रक्षणासाठी आहे आणि ती योग्य आहे, पण दुभाजकावर बसलेल्या आपल्यासारख्यांना हा चौकोन नदीच काय, खोरेही बदलून देतो. तेव्हा पुन्हा तेच: पाण्यातून निघाल्याची जागा कळली नाही, तर ठिपका नाही. नोंदवणाऱ्याला नम्रपणे संदेश पाठवून खरी जागा मागावी. दिली नाही तर नोंद सोडावी.

एकाच माशाचे पाच जणांनी काढलेले फोटो ही एकच नोंद होय. हौसेने किंवा संवर्धनासाठी जेथे पिल्ले सोडली आहेत, त्या जागांची यादी मत्स्य विभाग व वन विभाग यांच्याकडून आधी घ्यावी आणि तेथील नोंदींवर वेगळी खूण करावी. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात वाढवलेली टॉर खुद्री या दुसऱ्या जातीची पिल्ले देशात दूरदूर गेली आहेत, म्हणून जात ठरवताना घाई नको. ज्या नोंदीत फोटो आणि जागा दोन्ही आहेत ती पहिल्या प्रतीची, ज्यात फक्त जाणत्याचा तोंडी तपशील आहे ती दुसऱ्या, आणि ऐकीव ती तिसऱ्या. तिसरीला नकाशा नाही.

संगणकाचे काम उरते. ठिपके नदीच्या रेषेवर आणावेत, पण जवळच्या रेषेवर यंत्राने आपोआप नव्हे, डोहाच्या नावावरून हाताने. अंतर सरळ रेषेत मोजू नये, प्रवाहाच्या बाजूने मोजावे. मॅक्सएंट, म्हणजे नोंदींवरून प्राण्याचे संभाव्य क्षेत्र वर्तवणारी संगणक-प्रणाली, चालवायची असेल तर तुलनेचे बिंदू साऱ्या जिल्ह्यात न विखुरता, ज्या काठावर आपण खरोखर विचारपूस केली तेथूनच घ्यावेत. संकटग्रस्त जातींच्या जागतिक लाल यादीच्या पद्धतीने क्षेत्र काढताना २ गुणिले २ किलोमीटरच्या चौकटी मोजतात आणि टोकाचे ठिपके जोडून बहुभुज काढतात. त्यात बाजारातला एक ठिपका गेला की बहुभुज माळव्याच्या पठारावर चढतो आणि मासा आहे त्याहून सुरक्षित भासतो. टॉर टॉर २०११पासून आपला राज्यमासा आहे आणि लाल यादीत मात्र अजून ‘अपुरी माहिती’ या वर्गात आहे. ही अपुरी माहिती आपणच चुकीच्या माहितीने भरायची नाही.

नकाशात तीन छटा पुरतात: दिसला, विचारून दिसला नाही, आणि विचारलेच नाही. लोकांसमोर ठेवायच्या प्रतीत डोहांची नावे आणि नेमके ठिपके देऊ नयेत, कारण सुरुंग आणि विजेचा करंट लावून मासे मारणारेही नकाशा वाचतात. तेथे चौकट मोठी घ्यावी. मूळ पत्रके दोन ठिकाणी जपावीत. छापील प्रत घाटावरच्या ज्या घरांतून माहिती मिळाली त्या घरांना नेऊन द्यावी आणि चुकलेल्या जागा त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्याव्यात. हे दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर करावे.