दिवाळीची लायटिंग माणूस बोलावून लावताय? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी सोलापुरात विजापूर रोडवरच्या आमच्या दुमजली घराला पहिल्यांदाच बाहेरचा माणूस बोलावून लायटिंग करून घेतली. वसुबारसेला घर उजळून निघालं. सगळे पैसे खिशात घालून निघताना तो म्हणाला, "तुळशीचं लग्न झालं की येतो ओ मालक, काढून नेतो." तुळशीचं लग्न झालं, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाली, होळीही झाली. माळा तशाच लोंबत राहिल्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो. त्या उन्हात वायरीवरचं प्लास्टिक कडक होऊन तडकलं. पहिला वळीव पडून गेल्यावर आई चादर वाळत घालायला गच्चीवर गेली, लोखंडी कठड्याला हात लावला आणि झटका बसला. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावलं.

माळांचं बटण तर बंद होतं. मग करंट आला कुठून? ओळखीच्या वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा कळलं. त्या माणसाने जोडणी करताना बटण फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेऐवजी, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर घेतलं होतं. अशा वेळी बटण बंद केलं की दिवे विझतात, पण माळेत २३० व्होल्ट तसेच उभे राहतात. त्याची खूण आम्हाला दिवाळीतच दिसली होती. रात्री बटण बंद केल्यावरही माळा काजव्यासारख्या मिणमिणायच्या आणि मुलांना त्याची मजा वाटायची. तुमच्या माळा बंद केल्यावर मिणमिणत असतील तर आधी पिन काढा आणि वायरमनकडून बटण फेजवर आहे का ते तपासून घ्या. कधी कधी बटणातल्या छोट्या इंडिकेटर दिव्यामुळेही असं होतं, पण ते तपासल्याशिवाय धरून चालू नका.

माझी मोठी चूक मात्र व्यवहारातली होती. मी फक्त लावायचा दर ठरवला. काढायचं काम वेगळं असतं, त्याला तारीख लागते, त्याचे पैसे वेगळे मागे ठेवावे लागतात, हे डोक्यातच आलं नाही. पूर्ण पैसे मिळालेला माणूस लग्नसराई सोडून तुमच्या माळा काढायला कशाला येईल? म्हणून निदान चौथा हिस्सा काढल्यावर द्यायचा. माळा भाड्याच्या की आपल्या, मधेच एखादी बंद पडली तर कोण बदलणार, भिंतीला पडलेली भोकं कोण बुजवणार, हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. तोंडी बोलणं धनत्रयोदशीच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरी चूक वेळेची. नवरात्रात सगळे लायटिंगवाले मंडळांच्या कामात असतात, आणि आपल्याला आठवण होते ती वसुबारसेच्या आदल्या दिवशी. दसरा ते दिवाळी वीस दिवस मिळतात. त्यातल्या पहिल्या आठवड्यात माणूस घरी बोलावून जागा दाखवा. परतीचा पाऊस आला तरी हाताशी दिवस राहतात.

आता माणूस कसा पारखायचा. वायरमनचा परवाना आहे का, हे सरळ विचारा, त्यात संकोच कसला? मग विचारा, "सप्लाय कुठून घेणार?" मीटरच्या आधीच्या वायरीतून किंवा खांबावरून आकडा टाकतो म्हणाला तर तिथूनच परत पाठवा. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली ती वीजचोरी आहे, शिवाय त्या जोडणीला तुमच्या घरातल्या एमसीबीचं (बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या बटणाचं) संरक्षणही नसतं. जुन्या पेठांत काही ठिकाणी विजेची लाइन गॅलरीच्या अगदी जवळून जाते. तिथे अॅल्युमिनियमची शिडी लावूच देऊ नका, लाकडी किंवा फायबरची आणायला सांगा. आणि खाली शिडी धरायला दुसरा माणूस हवाच.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती जास्त लोड झाला किंवा शॉर्ट झालं तर पडते, माणसाला झटका बसला म्हणून पडत नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरची ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारं बटण, लागते. आमच्याकडे ती नव्हती. माळा लावायच्या आधी बसवून घ्या, आणि असेल तर तिच्यावरचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का ते बघा.

सामानात एकच गोष्ट पक्की बघायची. खोक्यावर आयपी म्हणून आकडा असतो, तो माळ धूळ-पाण्याला किती टिकते ते सांगतो. आयपी २० लिहिलेली माळ घरातली आहे, ती गच्चीवर नको. उघड्यावर आयपी ६५ घ्या. जोड आणि अडॅप्टर छज्जाखाली, पाणी साचणार नाही असे ठेवा. अडॅप्टर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधायची सवय अनेकांना आहे. तो आतल्या आत तापतो. वायरीवर खिळे ठोकू देऊ नका, आणि खिडकीच्या फटीत वायर चेपू देऊ नका.

पाऊस आला की ईएलसीबी पडते, अशी तक्रार दरवर्षी ऐकतो. ती पुन्हा पुन्हा वर करत बसू नका, बायपास तर कधीच नको. सगळ्या पिना काढा, ईएलसीबी वर करा, मग कोरड्या हाताने एकेक पिन लावा. जिच्यावर पडेल ती माळ ओली झाली आहे, ती बाजूला काढा. माळेचा एखादाच तुकडा बंद पडला तर त्या तुकड्यातला एक दिवा गेलेला असतो किंवा वायर तुटलेली असते, कारण तुकड्यातले दिवे एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. तिथे वायर सोलून पीळ मारून सेलोटेप लावणं म्हणजे पुढच्या पावसाला आमंत्रण. माळ बदला. पिन हाताला गरम लागली तर सॉकेट सैल झालंय, ते बदलून घ्या.

काढताना माळ ओढायची नाही, क्लिप एकेक सोडवायच्या. मग माळ एकदा लावून बघायची आणि पुठ्ठ्यावर गुंडाळून, कुठल्या बाजूची ते लिहून ठेवायची.

यंदा आमचा माणूस कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी यायचा आहे. तारीख आणि उरलेली रक्कम, दोन्ही त्याला लिहून पाठवलंय. आई मात्र अजून त्या कठड्यावर चादर टाकत नाही.