वुमन्स एफए कपचा अख्खा सीझन घरी बसून कसा फॉलो करायचा, माझी वहीवाली पद्धत

वुमन्स एफए कप म्हणजे इंग्लंडमधला बायकांच्या फुटबॉलचा नॉकआउट कप, हरला की बाहेर. पहिली गोष्ट, वर्ल्ड कपसारखा मोठा तक्ता काढून भिंतीला लावायच्या भानगडीत पडू नका. मी पडले होते. चार्ट पेपर आणला, पट्टी घेऊन रेघा मारल्या, आणि मग कळलं की इंग्लंडच्या या कपात एक राउंड झाला की पुढच्या राउंडचा ड्रॉ नव्याने निघतो. सीडिंग (तगड्या टीम आधीच वेगळ्या ठेवणं) वगैरे काही नाही, नंबरचे बॉल काढतात आणि ज्याचा बॉल आधी निघाला त्याच्या घरच्या मैदानावर मॅच, झालं. म्हणजे ही मॅच जिंकली तर पुढे कोण, हे आधी कुणालाच माहीत नसतं. तर साधी वही घ्या, एका राउंडला एक पान.

आता वेळापत्रक आपल्या कॅलेंडरवर बसवून घ्या, लक्षात राहतं. क्वालिफाइंग राउंड गणपतीच्या आगेमागे सुरू होतात, तिथे सगळ्या खालच्या डिव्हिजनच्या टीम, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिस करणाऱ्या पोरी, आणि प्रवासाचा खर्च वाचावा म्हणून सुरुवातीला जवळजवळच्या टीमच एकमेकींशी लावतात. दिवाळीच्या सुमाराला फर्स्ट राउंड. चेल्सी, आर्सेनल, मॅन सिटी ही सुपर लीगवाली, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनची मंडळी थेट संक्रांतीच्या वेळेला, फोर्थ राउंडला उगवतात. मग फेब्रुवारीत फिफ्थ, मार्चमध्ये क्वार्टर, एप्रिलमध्ये सेमी आणि आंब्याच्या दिवसांत लंडनच्या वेम्बली स्टेडियमला फायनल. सीझनप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं पण साचा हाच. चारशेच्या वर टीम असतात, बरोबरी झाली म्हणून मॅच परत खेळायची (रिप्ले) भानगड नसते, प्रत्येक मॅचमधून एक टीम घरी जाते, म्हणून एकूण मॅच किती हे मोजत बसू नका, टीममधून एक वजा करा (वॉकओव्हरसुद्धा मॅचच धरायची).

एवढ्या टीममधून कुणाला धरायचं? हाच खरा प्रश्न. माझ्या भाचीने पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, आपली टीम कुठली?" मी म्हटलं तू सांग, तर तिला तोफेचं चिन्ह आवडलं म्हणून आर्सेनल. हा २०२३-२४चा सीझन. आर्सेनल म्हणजे या कपातलं सगळ्यात मोठं घराणं, १४ वेळा जिंकलेलं. फिफ्थ राउंडमध्ये मॅन सिटीने त्यांना १-० ने काढलं आणि बाईसाहेबांनी वही मिटली. तेव्हा मी नियम काढला: आपल्या टीमला ज्यांनी हरवलं, पुढच्या राउंडला त्या आपल्या. कसंतरी वाटतं पहिल्यांदा, पण करून बघा. सिटी आमची झाली, तर क्वार्टरला टॉटनहॅमने त्यांना पेनल्टीवर घालवलं. मग टॉटनहॅम आमची. त्यांनी सेमीत लेस्टरला एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ ने हरवलं, पहिल्यांदाच फायनलला पोचल्या, आणि तिथे मॅन युनायटेडने त्यांचा ४-० असा फडशा पाडला. म्हणजे भाची शेवटी युनायटेडवाली! नॉकआउटची हीच तर गंमत आहे, कुठूनही सुरुवात करा, चॅम्पियनपर्यंत पोचताच. लीगमध्ये हे जमत नाही, तिथे सातव्या नंबरची टीम सातवीच राहते. आणि या नियमाचा दुसरा फायदा म्हणजे आपली टीम हरली म्हणून रुसायला वेळच मिळत नाही, लगेच नवीन खेळाडूंची नावं पाठ करायची असतात.

वहीत स्कोअरच्या बाजूला दोन कॉलम ठेवा: लीगमधली जागा, आणि आधीचा हिशोब. दुसरा फार कामाचा. युनायटेड २०२३च्या फायनलला चेल्सीकडून १-० हरलेली, सॅम करचा गोल, ७७,३९० लोक बघत होते. पुढच्या वर्षी सेमीला परत चेल्सीच समोर, तोवर युनायटेडच्या बायकांनी चेल्सीला एकदाही हरवलं नव्हतं. हे माहीत असेल तर युनायटेडने जिंकलेला तो २-१ हा स्कोअर वेगळाच दिसतो. आणि लीगमध्ये त्या वर्षी युनायटेड होती पाचवी! या क्लबने २००५ मध्ये बायकांची टीम चक्क बंद केली होती, २०१८ला परत सुरू केली. त्या टीमची ही पहिली मोठी ट्रॉफी.

आता घड्याळ, कारण माझा सगळ्यात मोठा घोळ इथेच झाला. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. हिवाळ्यात आपण साडेपाच तास पुढे असतो, त्यानंतर साडेचार. म्हणजे तिथली दुपारी २ची मॅच फेब्रुवारीत आपल्याकडे साडेसातला, एप्रिलमध्ये साडेसहाला. क्वार्टर मार्चच्या सुरुवातीला होती, मी तोच हिशोब धरून सेमीला निवांत पोळ्या उरकून बसले तर दुसरा हाफ चालू, युनायटेडच्या लुसिया गार्सिया आणि रेचल विल्यम्सचे गोल होऊन गेलेले, चेल्सीच्या लॉरेन जेम्सने एक परत केलेला, आणि पुढे एकही गोल नाही. तिन्ही गोल हायलाइट्समध्ये बघावे लागले. वहीच्या एप्रिलच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: साडेचार.

ड्रॉ मात्र चुकवू नका. पाच-दहा मिनिटांचं काम असतं पण मॅचइतकीच मजा, समोर पेन घेऊनच बसा.

मधल्या आठवड्यांत कंटाळा आला तर थोडा इतिहास वाचा. १९२० साली बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या बायकांच्या टीमची मॅच बघायला ५३,००० लोक आले होते, आणि वर्षभराच्या आत, डिसेंबर १९२१ला, एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, आपल्या मैदानांवर बायकांना बंदी घातली. ती जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. म्हणून पुरुषांचा कप १८७१चा आणि बायकांचा १९७०-७१चा. पहिल्या सीझनला ७१ टीम होत्या, फायनलला साउदॅम्प्टनने स्कॉटलंडच्या स्टुअर्टन थिसलला ४-१ हरवलं, मैदान क्रिस्टल पॅलेसचं. मला तरी हे वाचल्यावर वेम्बलीतली गर्दी बघताना जरा घशात दाटतं.

फायनलच्या दिवशी स्वयंपाक दुपारीच उरकून टाका. २०२४ची फायनल १२ मेला, रविवारी संध्याकाळी होती, हाफटाइमच्या जरा आधी एला टूनने लांबून असा काही मारला की भाचीच्या हातातली आमरसाची वाटी तिरकी झाली. वहीच्या शेवटच्या पानावर तो पिवळा डाग अजून आहे, खाली तिच्या अक्षरात: टून, विल्यम्स, गार्सिया, गार्सिया.