नव्या पिकअपची मागची काच गळतेय? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

आपल्या खान्देशात नवी गाडी घरी आणायचे मोठे मुहूर्त दोन, दसरा नाहीतर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आखाजीला घेतलेल्या पिकअपचं असं होतं की ती ४५ अंशांच्या उन्हात महिना-दीड महिना केळी वाहते, सिमेंट वाहते, ठिबकच्या नळ्या वाहते, तेव्हा काहीच कळत नाही, मग जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला की सकाळी दार उघडल्यावर सीटच्या मागे ओल, मॅट उचललं तर खाली पाणी. नव्या गाडीत पाणी बघून माणसाचा जीव खालीवर होतो, ते साहजिकच आहे, कारण हप्ता अजून पहिला-दुसराच चालू असतो.

आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणायची अन् काचेच्या चारी बाजूंनी फासायची. कृपा करून हे करू नका. एक तर पाणी जिथे दिसतं तिथूनच आत येतं असं नसतं, छतावरून आलेलं पाणी पत्र्याच्या आतून घसरत काचेच्या कोपऱ्यात उतरतं आणि आपण काचेला दोष देतो. दुसरं, आंबट वास येणारं जे साधं सिलिकॉन मिळतं ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, रंग खरवडलेल्या जागी ते पत्र्याला गंज धरायला मदतच करतं. तिसरं, सिलिकॉनचा थर राहिलेल्या जागेवर नंतर काचेचं खरं सीलंट, म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन), नीट धरत नाही, त्यामुळे पुढचा माणूस चांगलं काम करायला आला तरी आधी त्याला तासभर खरवडत बसावं लागतं. आणि वॉरंटीत गाडी असेल तर सर्विस सेंटरला सांगायला आयतं कारण मिळतं की बाहेर काम केलेलं आहे.

आधी केबिन रिकामी करा

सीटच्या मागे आपण काय काय कोंबतो ते बघा, जॅक, पाना, दोर, ताडपत्री, बिल्ट्यांची फाईल, आरसी-इन्शुरन्सच्या झेरॉक्स. सगळं बाहेर काढा. मॅट उचला, खालचा नमदा किंवा फोम हाताने दाबून बघा, वरून कोरडा वाटतो पण दाबल्यावर पाणी सुटतं. काही पुसायच्या आधी फोटो अन् व्हिडिओ काढून ठेवा, तारीख दिसेल असे, हे पुढे फार कामाला येतात.

काही गाड्यांना सीटखाली किंवा मधल्या कन्सोलखाली वायरिंगचे जोड असतात. ते ओले झाले असतील तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून मगच पुढचं काम करा, आणि पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

आणखी एक खात्री करून घ्या. पाणी फक्त पुढच्या बाजूला, डाव्या सीटच्या पायाशी असेल आणि एसी चालवल्यावरच येत असेल तर ते पावसाचं नाही, एसीची ड्रेनची नळी तुंबलीय. त्याचा मागच्या काचेशी काही संबंध नाही.

काच कशी बसवलीय ते ओळखा

हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही. मागची काच साधारण तीन तऱ्हेने बसवलेली असते. साध्या मालवाहू पिकअपला बहुतेक करून काचेभोवती जाड काळं रबर असतं, त्या रबराच्या एका खाचेत काच आणि दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड. दुसऱ्या प्रकारात रबर नसतंच, काच सरळ पत्र्याला पीयू सीलंटने चिकटवलेली असते, कडेला काळी पट्टी दिसते, ती पट्टी आतल्या सीलंटला उन्हापासून वाचवते. तिसरी सरकणारी काच, तिला खाली चॅनल असतो आणि त्या चॅनलला पाणी बाहेर जायला बारीक भोकं ठेवलेली असतात.

आतून माग काढा

सीटची पाठ पुढे पाडा, मागच्या भिंतीचं लायनिंग क्लिपांवर असतं ते हलक्या हाताने काढा, स्क्रू-ड्रायव्हर डायरेक्ट घालू नका, क्लिप तुटतात, प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड वापरा. वर छताचं लायनिंगही मागच्या बाजूने थोडं खाली घेता आलं तर घ्या. आता मोबाईलचा टॉर्च लावून निवांत बघा. आपल्याकडची धूळ इथे मदतच करते, पाणी जिथून उतरलं तिथे धुळीत वाट पडलेली असते, आणि ती वाट वरपर्यंत बघत गेलं की बहुतेक वेळा काचेच्याही वर जाऊन पोचते.

वाट दिसत नसेल तर सगळं कोरडं पुसून घ्या आणि काचेखाली, दोन्ही कोपऱ्यांत, केबिनच्या वर मागे ब्रेक लाईट असेल तर त्याच्या आतल्या बाजूला टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवा. टाल्कम पावडर भुरभुरली तरी चालते, पाण्याचा एक थेंब आला तरी ओघळ दिसतो.

आता पाणी मारा, पण खालून वर

या कामाला दोन माणसं लागतात, एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाईप घेऊन. पाईपला नोझल लावू नका, पाणी नुसतं वाहतं ठेवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने तर अजिबात नको, ती चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसवते आणि तुम्हाला चुकीचं उत्तर मिळतं.

सुरुवात काचेच्या खालच्या कडेपासून. तिथे चार-पाच मिनिटं पाणी सोडा, आतल्या माणसाने तोंडाने सांगायचं, काही आलं का. नाही आलं तर एका बाजूची उभी कड, मग दुसरी, मग वरची कड, मग ब्रेक लाईट, मग छताचा जोड, सगळ्यात शेवटी छतावर. घाई केली की सगळी मेहनत वाया जाते, कारण पाण्याला आतल्या पोकळीतून खाली यायला वेळ लागतो. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या कडांवरून वाहत खाली येतं आणि गळती नेमकी कुठे ते कधीच कळत नाही, म्हणून खालून वर.

सपाट जागेवर काहीच आलं नाही तर गाडी चढावर लावून परत करा, मग उतारावर. घरासमोर रॅम्प असेल तर तेवढा पुरतो. कित्येक गाड्या कन्नडच्या घाटात भरल्या लोडने चढताना गळतात आणि अंगणात कोरड्या राहतात, कारण लोडमध्ये अन् वळणांवर केबिनचा पत्रा किंचित पिळतो, शिवाय चालत्या गाडीच्या केबिनमागे हवेचा भोवरा होतो आणि पाण्याचे तुषार काचेवर मागून येऊन आपटतात.

पाण्याशिवायचीही एक युक्ती आहे. सगळ्या काचा बंद, ब्लोअर फुल, हवा बाहेरून घेण्याच्या मोडवर. मग बाहेरून काचेच्या कडेला साबणाचं पाणी ब्रशने लावा. जिथे बुडबुडे फुगतील तिथून हवा बाहेर येतेय, म्हणजे तिथून पाणीही आत जाऊ शकतं. केबिनच्या मागच्या भिंतीत हवा बाहेर जायला कंपनीने ठेवलेल्या झडपा असतील तर तिथून हवा येणारच, तो दोष नाही.

बहुतेक वेळा काय सापडतं

केबिनच्या वर मागे तिसरा ब्रेक लाईट असेल, तर पिकअपमध्ये त्याच्यावर माझा पहिला संशय असतो. त्याच्या मागे फोमचं पातळ गॅस्केट असतं, स्क्रू एका बाजूने कमी आवळला किंवा फोम दुमडून बसला की पाणी थेट आत, आणि उतरतं बरोबर काचेच्या मधोमध. गॅरेजवर अहिराणीत कानावर पडेल तसं सांगायचं तर, ‘काच नई गयस भो, वरना लाईट गयस’, म्हणजे काच नाही, वरचा लाईट गळतो.

त्यानंतर रबराचे कोपरे. गोल कोपऱ्यात रबराची ओठासारखी कड पत्र्यावर पूर्ण बसत नाही, थोडी आत दुमडलेली राहते, बोट फिरवलं तरी हाताला लागतं. रबराचा जोड जिथे आहे तिथेही फट राहू शकते. चिकटवलेल्या काचेत सीलंटच्या रेषेत एखाद्या जागी खंड पडलेला असतो, तो बाहेरून दिसत नाही, पाणी मारल्यावरच कळतो. सरकत्या काचेत चॅनलची भोकं धुळीने अन् केळीच्या पाल्याच्या चुऱ्याने तुंबतात, पाणी साचतं आणि आतल्या बाजूने ओसंडतं, हे तर बारीक तारेने पाच मिनिटांत मोकळं होतं.

आणि एक गोष्ट जी शोरूमच्या हाताबाहेरची आहे. गाडी घेतल्याबरोबर आपण बॉडीवाल्याकडे नेतो, काचेला जाळी, केबिनवर कॅरिअर, जास्तीचे एलईडी, हॉर्न. त्यासाठी छताला ड्रिल मारलेली असते आणि स्क्रूखाली ना रबरी वॉशर ना सीलंट. रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्यांना हे काम सर्रास होतं. पाणी तिथून येत असेल तर ते ज्याने भोक पाडलं त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या, आणि उघड्या पत्र्याला आधी प्रायमर लावायला सांगा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज दिसायला लागेल.

वॉरंटीत असेल तर काच स्वतः खोलू नका

मूळ फिटिंगमधून गळत असेल तर ते काम विकणाऱ्याचं आहे, तुमचं नाही. पाणी मारतानाचा आतला व्हिडिओ घेऊन जा. जॉब कार्डवर, म्हणजे सर्विस सेंटरच्या कामाच्या कागदावर, ‘पाणी येतं’ एवढंच लिहू देऊ नका, ‘मागच्या काचेच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून पाणी केबिनमध्ये येतं, मॅटखालचा फोम ओला’ असं नेमकं लिहून घ्या आणि त्याची कॉपी मागून घ्या. काम काय करणार ते विचारा. बाहेरून सीलंट फासून देतो म्हणाले तर शांतपणे नाही सांगा. रबर असेल तर ते काढून तपासून परत बसवायचं, चिकटवलेली काच असेल तर काढून पूर्ण नवी पीयूची रेषा. रबराच्या वस्तूंना वॉरंटीच्या पुस्तकात वेगळी अट आहे का ते घरूनच वाचून जा. गाडी ताब्यात घेताना तुमच्यासमोर पाणी मारून दाखवायला सांगा, त्यात संकोच कसला.

पीयू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्याला वेळ द्यावा लागतो. गाडी कधी चालवायची ते त्या सीलंटच्या कंपनीने दिलेल्या वेळेप्रमाणे विचारा, आणि निदान पहिला दिवस दार धाडकन आपटू नका, एक काच थोडी खाली ठेवा, कारण बंद केबिनमध्ये दार आपटलं की हवेचा दाब थेट ओल्या सीलंटवर येतो.

वारंवार जाऊनही काम होत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. त्यानेही जमलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आयोग आहे. मुदत २ वर्षांची, आणि ५ ते १० लाखांच्या गाडीला फी २०० रुपये. पिकअप आहे म्हणून ‘धंद्याची गाडी, ग्राहक नाही’ असं कोणी म्हणालं तर घाबरू नका, स्वतःच्या रोजगारावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यात व्यापारी कारणातून वगळलेली आहे. चार-पाच गाड्या लावून धंदा करणाऱ्याची गोष्ट वेगळी.

नंबर लागेपर्यंत

सर्विस सेंटरची तारीख मिळेपर्यंत पाऊस थांबत नाही. गळणारी जागा कोरडी पुसून वरून रुंद वॉटरप्रूफ टेप लावा, टेपची वरची कड छताकडे चढवून, म्हणजे पाणी वरून घसरून जाईल. रात्री ताडपत्री केबिनवरून हौद्यापर्यंत ओढून घ्या.

घरी करण्यासारखं

वॉरंटी संपली असेल तर ब्रेक लाईटचं काम कोणालाही जमतं. स्क्रू काढा, जुना फोम पूर्ण साफ करा, नवं गॅस्केट किंवा बुटिल टेपची (मऊ, चिकट रबरी टेप) गोल पट्टी लावा, स्क्रू दोन्ही बाजूंनी थोडा थोडा आवळत जा. एकदम आवळलं तर प्लास्टिक तडकतं. रबराची काच मात्र काचवाल्याकडूनच बसवून घ्या, तो रबराच्या खाचेत दोरी घालून आतून ओढत कड पत्र्यावर चढवतो, त्याला हात बसलेला लागतो. साबणाचं पाणी लावून बसवायचं, ग्रीस किंवा डिझेल लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं अन् ढिलं पडतं.

वाळवणं अर्धं काम आहे

गळती बंद झाली म्हणजे संपलं नाही. फोम आत ओला राहिला तर वास सुटतो, बुरशी धरते आणि खालचा पत्रा आतून सडत जातो. नमदा-फोम पूर्ण बाहेर काढून उन्हात घाला, पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली उभा करून ठेवा. फ्लोअरचे रबरी बूच काढून साचलेलं पाणी जाऊ द्या, पत्रा पुसा, गंजाचा ठिपका दिसला तर घासून प्रायमर मारा, बूच परत बसवायला विसरू नका. वायरिंगचे ओले जोड कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून मगच बॅटरी जोडा.

मागचं लायनिंग इतक्यात लावू नका. टिश्यूच्या पट्ट्या तशाच राहू द्या, एखादा मोठा पाऊस जाऊ द्या, लोड घेऊन एक लांबची फेरी होऊ द्या, पट्ट्या कोरड्या निघाल्या की मग क्लिपा दाबा.