डीएनएचा पीळ सोडवणारं यंत्र: वर्गात करून दाखवायची पद्धत

डीएनएचा पीळ सोडवणारं विकर (एन्झाइम), म्हणजे टोपोआयसोमरेज, फळ्यावर शिकवून पोचत नाही. आकृती हलत नाही, आणि हे विकर कामच आकार बदलून करतं. म्हणून चोपड्याला बारावीच्या वर्गात मी हा पाठ दोरांवर घेते.

पोळ्याच्या बाजारात बैलांसाठी मिळतात तसे दोन रंगांचे सुती दोर घ्या. नायलॉन घसरतो, पीळ धरत नाही. एकमेकांवर दहा पीळ द्या, टोकं दोघांना घट्ट धरायला लावा आणि मधून बोटं घालून दोर फाकवत पुढे सरका. पुढचा पीळ आवळत जातो, मग दोर स्वतःवरच वेटोळं घालतो. “मॅडम, आते सुटत नही!” असं कुणीतरी म्हणतंच. डीएनएची प्रत काढताना पेशीची अडचण नेमकी हीच. ई. कोलाय या जीवाणूच्या डीएनएत बेसच्या सुमारे ४६ लाख जोड्या, दर साडेदहा जोड्यांना एक पीळ, म्हणजे चार लाखांवर पीळ. आणि तो डीएनए गोल, त्याला टोकच नाही!

इथे मुलांना स्पष्ट सांगा: आतापर्यंत एक दोर म्हणजे एक धागा होता, यापुढे एक दोर म्हणजे अख्खा दुपदरी डीएनए. हे सांगायचं राहिलं तर पुढचं सगळं गोंधळतं.

आता प्रकार दोनचं टोपोआयसोमरेज, दोन्ही धागे कापणारं. एक दोर मधोमध कापून टिचबटण शिवून घ्या. दोन मुलं समोरासमोर बसवा, गुडघे जुळलेले; ही दोघं म्हणजे विकर. बटणाच्या दोन बाजू दोघांनी एकेका हातात धरायच्या, दुसरे हात वर, फाकलेले. दुसरा दोर आणखी दोघांनी ताणून त्या वरच्या हातांमधून आडवा खाली आणायचा.

पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपीचे दोन रेणू येऊन बसले की वरचे हात मिटतात. मग बटण उघडतं, आडवा दोर फटीतून खाली जातो, बटण लागतं. त्यानंतरच गुडघे उघडायचे, दोर बाहेर, गुडघे बंद. एटीपी खर्च झाला की वरचे हात पुन्हा मोकळे. क्रम चुकला तर थांबवून परत करून घ्या. आणि कापलेलं टोक हातातून सुटता कामा नये. खऱ्या विकरात टायरोसिन हे अमिनो आम्ल त्या टोकाशी रासायनिक बंधाने जोडलेलं असतं. ते सुटलं तर गुणसूत्रच तुटलं.

अशा एका फेरीत पिळांचा हिशेब दोनने बदलतो. जेम्स वांग यांनी १९७१ मध्ये ई. कोलायमध्ये दाखवलेलं पहिलं टोपोआयसोमरेज मात्र एकच धागा कापतं, त्याला एटीपी लागत नाही.

शेवटी तिसऱ्या मुलाला उघड्या बटणात बोट घालायला सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन जीवाणूंच्या गायरेजला, म्हणजे त्यांच्या प्रकार दोनच्या एका टोपोआयसोमरेजला, असंच कापलेल्या अवस्थेत अडकवतं. घरोघरी माहीत असलेली ही गोळी जीवाणू कशी मारते, ते मग मुलंच सांगतात.