‘वय झालं, चालायचंच’ म्हणू नका: घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी घेताना या चुका टाळा

आजी ८१ वर्षांची होती. एका संध्याकाळी ती मला ‘आक्का’ म्हणायला लागली. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण, जाऊन कितीतरी वर्षं झालेली. भिंतीकडे बघत ती मध्येच विचारायची, “म्हशीला पाणी दाखवलंस का गं?” ताप नव्हता, कुठे दुखत नव्हतं. घरात सगळे म्हणाले, वय झालं, विसरायला लागली. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, लघवीचं इन्फेक्शन झालंय आणि रक्तातलं सोडियम उतरलंय. उपचार झाले आणि आठवड्याभरात तिने मला माझ्या नावाने हाक मारली. ते वाया घालवलेले दोन दिवस मला अजून खातात.

म्हणून सगळ्यात आधी हीच चूक सांगते. म्हातारपणाचा विसरभोळेपणा बहुधा महिनोन्‌महिने, हळूहळू वाढत जातो. एक-दोन दिवसांतच माणूस असंबद्ध बोलायला लागलं, ओळख विसरलं किंवा नुसतं गुंगीत पडून राहिलं, तर त्याला वय म्हणू नका. लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन, सोडियम, शुगर, कमी पडलेलं पाणी, तुंबलेली शौच, नवीन सुरू झालेली गोळी, यातलं काहीही असू शकतं. या वयात इन्फेक्शन असूनही ताप येईलच असं नाही. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा जीभ अडखळली, तर ‘जरा पडू दे, बरं वाटेल’ म्हणत एक मिनिटही थांबू नका. सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. हा लकव्याचा झटका असू शकतो, आणि मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे माणूस शेवटचं धड कधी दिसलं होतं ती वेळ सांगता आली पाहिजे.

दुसरी चूक गोळ्यांची. हृदयाचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, हाडांचे वेगळे, आणि प्रत्येकाला आपल्यापुरतंच माहीत. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा पोटात जाताना मी पाहिलंय. घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घाला, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या, काढ्याच्या आणि वैद्यांकडच्या पुड्यांसकट, आणि ती पिशवीच डॉक्टरांपुढे ठेवा. गुडघ्यांसाठी मनाने डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखं दुखणं थांबवणारं औषध रोज घेतलं तर बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. सर्दीच्या साध्या गोळीनेही म्हाताऱ्या माणसाची लघवी अडते, डोकं गोंधळतं.

आपल्याकडे यात उपवासाची भर पडते. एकादशीला सकाळी शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घ्यायची आणि दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहायचं, हे फार धोक्याचं आहे. घाम, थरथर, विचित्र बोलणं दिसलं की आधी शुगर बघा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघा. मशीन नसेल तर साखर आधी द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, सरळ १०८ ला फोन करा. आजीला उपवास सोडायला सांगणं कठीण, मला ठाऊक आहे. पण गोळीचं काय करायचं हे तरी आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या.

रात्री पलंग ते मोरी या वाटेवर पडायचा धोका मोठा असतो. त्या वाटेवरचं घसरणारं पायपुसणं उचला, लहान दिवा रात्रभर लावून ठेवा, कमोडशेजारी भिंतीत दांडी बसवा. झोपेतून उठल्यावर पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसूनच उभं राहायला लावा, कारण एकदम उठलं की बीपी उतरतं. रात्री उठायला नको म्हणून दिवसभर पाणीच न पिणारे खूप. त्यांना पाणी सकाळपासून थोडं थोडं द्या, संध्याकाळनंतर कमी करा. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच माप पाळा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आडवं ठेवून भरवू नका. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. टेकून बसवा, जेवणानंतरही अर्धा तास तसंच ठेवा. साधारण दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाडापाशी लाली दिसली की पावडर लावून चोळायची आपली सवय उलट कातडी सोलते. स्पंज करताना माकडहाड, खुबे आणि टाचा रोज उजेडात बघा. लाल जागा बोटाने दाबा. दाबूनही पांढुरकी होत नसेल तर तिथून बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झालाय. त्या जागेवर भार येईल असं पुन्हा झोपवू नका आणि नर्सला किंवा डॉक्टरांना लगेच दाखवा.